कोंडवाड्यातला पाखऱ्या

दोन वर्षांपूर्वीच्या ११ ऑगस्टला दुपारी बारा वाजता नगरपंचायतीच्या कोंडवाड्यात एका बैलाचा लिलाव झाला. शेवटची बोली एकवीस हजार रुपये. हजर माणसं अशी: लेखापाल म्हणून मी, कोंडवाड्याचे रखवालदार हरिभाऊ टेकाम, पंच म्हणून दोन नगरसेवक, बोली बोलणारे महादेव आणि गजानन ढगे हे सख्खे भाऊ, आणि फाटकाच्या बाहेर उभी, आत यायला तयार नसलेली गजाननची बायको वंदना. बैलाचं नाव पाखऱ्या. महादेवने पैसे जागेवर मोजून दिले, मी पावती फाडली, आणि तिथून माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो अजून पुरता निस्तरलेला नाही.

मी नोकरीत आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा पाटी बदलली, खुर्च्या नव्या आल्या आणि सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले. गावातली माणसं आणि जनावरं मात्र तीच राहिली. लोकांना वाटतं नगरपंचायत म्हणजे रस्ते आणि निवडणुका. माझ्या टेबलावर येतं ते निराळंच. खांबावरचे दिवे, नालीतला गाळ, आठवडी बाजारात बसणाऱ्यांची वसुली, नळाची थकबाकी, मोकाट कुत्रे. आणि आधीचे बाबू बदलून गेल्यावर त्यांच्या खुर्चीसोबत माझ्याकडे आलेला कोंडवाडा.

कोंडवाडा म्हणजे गुरांची कोठडी. कोणाचं जनावर दुसऱ्याच्या वावरात शिरून पीक खाताना सापडलं, तर वावरवाला ते ओढत आणून आमच्या ताब्यात देतो. जनावराचा मालक येतो, दंड आणि जितके दिवस जनावर राहिलं तितक्या दिवसांचा चारा असे पैसे भरतो आणि सोडवून नेतो. पिकाची भरपाई हा त्या दोघांचा आपसातला मामला, त्याच्याशी नगरपंचायतीचा संबंध नाही. मालक आलाच नाही तर नोटीस लावायची, मुदत संपली की लिलाव करायचा. लिलावाच्या पैशातून आपला दंड-चारा कापून घ्यायचा आणि उरलेली रक्कम अनामत म्हणून ठेवायची. मालकाची ओळख पटली की त्याला द्यायची.

वाचायला सोपं आहे. मलाही सोपं वाटलं होतं. पण पहिल्याच वर्षी एक गाभण शेळी कोंडवाड्यात आली आणि मालक येईपर्यंत तिथंच व्याली. मालकाने एका शेळीचे पैसे भरले आणि शेळीसह दोन पिल्लं घेऊन गेला. पुढे लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला की आवक एक आणि जावक तीन, तर दोन जनावरांची वसुली का झाली नाही. मी खुलासा लिहिला की सदर दोन जनावरं कोंडवाड्याच्या हद्दीतच उत्पन्न झाली. त्यावर त्यांनी विचारलं, मग ती नगरपंचायतीच्या मालकीची का धरली नाहीत? तो आक्षेप माझ्या माहितीप्रमाणे अजून निकाली निघालेला नाही.

तर पाखऱ्या. १६ जुलैला लीलाबाई राठोड नावाची बाई त्याला दोरीने ओढत घेऊन आली. पन्नाशीची, अंगाने वाळकी, आवाज मात्र खणखणीत. गावाबाहेर अर्धा एकर तुकडा ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, घेऊन ती भेंडी आणि बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, लावत असे. रात्री बैल शिरला आणि निम्मी बरबटी गेली. तिचा हिशेब चार हजारांचा होता. मी तिला समजावलं की भरपाई आम्ही देत नाही, मालक आला की त्याच्याकडून घ्या. ती म्हणाली, "येऊ द्या मालक. मी काई कुठं पळून नाई चालली."

मालक कोण हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. बैल ढग्यांचा, यात वाद नव्हता. कोणत्या ढग्याचा, यात होता.

महादेव आणि गजानन यांच्या वडिलांकडे पांढऱ्या बैलांची एक देखणी जोडी होती, हरण्या आणि पाखऱ्या. बाप थकल्यावर त्याने भावांची तोंडी वाटणी करून दिली. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, वावर दुभंगलं, गोठा मात्र एकच राहिला. बैलांबाबत म्हातारा एवढंच बोलला की जुवाच्या उजव्या अंगाचा बैल महादेवचा आणि डाव्या अंगाचा गजाननचा. कास्तकार माणूस बैल असेच ओळखतो. उजव्याला जुंपायचा बैल जन्मभर उजवीकडेच चालतो. पण त्याच उन्हाळ्यात एका बैलाचा खांदा सुजला आणि त्याला आराम पडावा म्हणून दोघांच्या बाजू बदलल्या. ही बदली वाटणीच्या आधी झाली असं महादेवचं म्हणणं. नंतर झाली असं गजाननचं. म्हातारा दिवाळीच्या आत वारला. दोन्ही बैलांच्या कानातले सरकारी बिल्ले तपासले, तर दोन्ही बिल्ल्यांवर मालक म्हणून म्हाताऱ्याचंच नाव निघालं.

या गोष्टीने दोन हंगाम काही बिघडलं नाही. एक दिवस जोडी महादेवच्या वावरात, एक दिवस गजाननच्या. कोणता बैल कोणाचा हे विचारायची वेळच आली नव्हती. पाखऱ्याने बरबटी खाल्ली आणि ती वेळ आली.

मी दोघांनाही बोलावलं. महादेव आधी आला. चाळिशीतला, कमी बोलणारा. म्हणाला, पाखऱ्या गजाननचा, माझा हरण्या घरी बांधलेला आहे. दुपारी गजानन आला. म्हणाला, पाखऱ्या दादाचा, माझा हरण्या घरी बांधलेला आहे. मी म्हटलं, लिहून द्या. दोघांनीही सही करून लिहून दिलं. म्हणजे माझ्यापुढे दोन मालक, दोन बैल, आणि दोघांचाही एकच बैल. मी सुचवलं की दंड अर्धा अर्धा भरा आणि जनावर घेऊन जा. पण अर्धा दंड म्हणजे अर्धी मालकी, अर्ध्या मालकीवर लीलाबाईची अर्धी भरपाई, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बापाच्या वाटणीबाबत आपण खोटं बोलत होतो याची अर्धी कबुली. दोघंही उठून गेले.

इकडे हरिभाऊंनी एक तक्रार आणली. सकाळी वंदना धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, हिरव्या गवताचा भारा आणून पाखऱ्यापुढे टाकते आणि दुपारी महादेवची बायको पदराआड सरकीची ढेप घेऊन येते. एकीला दुसरीचं माहीत नाही. "साहेब," हरिभाऊ म्हणाले, "ज्याले मालक नाई तो बैल लठ्ठ होऊन राह्यला. आपला कडबा तसाच पडून हाय." आता प्रश्न असा की जो चारा बैलाने खाल्लाच नाही त्याचे पैसे लावायचे का? नियमात दिवसाचा दर आहे, वैरणीच्या वजनाचा नाही. मी दर लावत राहिलो. ते बरोबर होतं की नाही, अजून ठरवता आलेलं नाही.

मुदत संपत आली तसा विषय सर्वसाधारण सभेत गेला. नालीच्या गाळानंतर आणि स्मशानभूमीच्या दिव्यांआधी, आयत्या वेळचा विषय म्हणून. एक नगरसेवक म्हणाले गोरक्षणाला देऊन टाका. दुसरे म्हणाले ढग्यांची मतं आपल्या प्रभागात आहेत, जपून बोला. तिसऱ्यांनी विचारलं की गोठा नेमका कोणत्या प्रभागाच्या हद्दीत येतो, आणि त्यावर अर्धा तास गेला. शेवटी सर्वानुमते ठराव झाला की नियमानुसार कार्यवाही करावी. असा ठराव झाला की जबाबदारी माझ्यावर येते, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

लिलावाला बाहेरगावचे दोघं आले होते. बैल पाहून खूश झाले. मग हरिभाऊंनी त्यांना सांगितलं की याचा जोडीदार गावातच जिवंत आहे. दोघंही चहा पिऊन निघून गेले. आमच्याकडे कोणी फुटलेल्या जोडीतला बैल घेत नाही. तो नव्या जुवाला खांदा देत नाही, दोर तोडून जुन्या गोठ्याकडे धावतो, आणि घेणाऱ्याच्या नावाने दोन घरं बोटं मोडतात ते वेगळंच.

सरकारी बोली पाच हजारांची होती. मी ती पुकारली आणि कोणी बोलणार नाही म्हणून कागद आवरायला लागलो, तोच गजानन म्हणाला, साडेपाच. महादेव म्हणाला, सहा. मी मान वर करून पाहिलं. हरिभाऊंना राहवलं नाही.

"अरे, बैल तुमचा नाई म्हणता ना दोघंबी? मंग बोलता काहून?"

"भावाचा हाय," महादेव म्हणाला. "भावाचा बैल लोकाच्या दावणीले जाऊ देऊ का?"

"मीबी तेच म्हणून राह्यलो," गजानन म्हणाला. "सात हजार."

तिथे तिसरा माणूस बोली लावणारा नव्हता. लोकाच्या दावणीला बैल जाण्याचा प्रश्नच उरला नव्हता. हे मी दोनदा सांगितलं, पण दोघंही माझ्याकडे बघत नव्हते आणि एकमेकांकडेही नाही. दहा हजारांवर नगरसेवकांनी हसणं थांबवलं. साडेवीस हजार म्हटल्यावर गजाननने खिशातले पैसे पुन्हा चाचपले. महादेवने एकवीस सांगितले, त्यावर बोली आली नाही. ते पैसे त्याने कापसावर अडत्याकडून उचलून आणले होते, हे मला नंतर कळलं. दंड आणि सव्वीस दिवसांचा चारा मिळून एक हजार आठशे साठ रुपये होत होते. तेवढे भरून जे जनावर आदल्या दिवशीपर्यंत सुटलं असतं, ते त्याने एकवीस हजारांना नेलं. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "सोडवलं असतं तं माहा ठरला असता. आता इकत घेतला. इकत घेणारा काई कबूल करत नाई."

आता माझ्याकडे एकोणीस हजार एकशे चाळीस रुपये अनामत उरले. ते पाखऱ्याच्या मूळ मालकाचे. मी दोघांचे लेखी जबाब पुढे घेतले आणि तिथेच अडकलो.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, काय झालं? मी दोन वाट्या पुढे ओढल्या. ही वाटी हरण्या, ही पाखऱ्या. महादेवचा जबाब खरा धरला तर पाखऱ्या गजाननचा, म्हणून पैसे गजाननला. गजाननचा जबाब खरा धरला तर पाखऱ्या महादेवचा, म्हणजे त्याने स्वतःचाच बैल विकत घेतला आणि पैसे परत त्यालाच. ज्याचा शब्द मानावा त्याला सोडून पैसे दुसऱ्याला जातात. आणि पैसे हवे असतील तर "पाखऱ्या माझा होता" असं म्हणावं लागेल. असं म्हटलं की घरचा हरण्या आपोआप भावाचा होतो. बायकोने वाटीतली भाजी वाढून घेतली आणि म्हणाली, "हे सगळं बरोबर. पण जिची बरबटी खाल्ली तिले कोण देते?"

लीलाबाई दर बाजाराच्या दिवशी येऊन बसायची. मालक ठरला का, एवढंच विचारायची. मी नाही म्हटलं की, "बरं," म्हणून भेंडी विकायला जायची.

पुढचे दिवस वाईट गेले. महादेवने पाखऱ्याला त्याच गोठ्यात हरण्याशेजारी नेऊन बांधलं, पण आता एक बैल जबाबाने आणि एक पावतीने त्याचा, म्हणून जोडी त्याच्याच दोराने बांधलेली होती. एक दिवस तुझा, एक दिवस माझा हे थांबलं. गजानन मागायला गेला नाही आणि महादेवने विचारलं नाही. पावसाने झड लावली होती. कपाशीत गवत माजत होतं. डवरणी, म्हणजे बैल जुंपून ओळींमधलं गवत काढणं, झाली नाही तर गवत पऱ्हाटीच्या डोक्यावरून जातं आणि वर्ष तिथेच संपतं. भाड्याच्या जोड्यांना त्या दिवसांत वेळ नसतो, आणि त्या चिखलात ट्रॅक्टर उतरत नाही.

एका दुपारी वंदना ऑफिसात आली. उभ्यानेच बोलली. गवत गुडघ्यापर्यंत आलंय म्हणाली. मी तिला सांगितलं की गजाननने अर्ज केला तर महादेवच्याच जबाबावर मी रक्कम देऊ शकतो, त्यात दुसरी जोडी नाही पण एखादा बैल येईल.

"पैसे घेतले तं हरण्या जाते का?" तिने विचारलं.

"हो. मग हरण्या तुमच्या जेठांचा, महादेवचा झाला."

"मंग नाई पायजे पैसे."

मी विचारलं की तुम्ही त्या घरात इतकी वर्षं आहात, दोन्ही बैलांना रोज चारा घालता, बाजू वाटणीआधी बदलली की नंतर, हे तुम्हाला ठाऊक असणारच. ती म्हणाली, "ठाऊक हाय. पण मी सांगतलं तं एक घर खोटं ठरते. मले दोन्ही घरी राह्याचं हाय." आणि निघून गेली. हा एकमेव पुरावा माझ्यासमोर दोन मिनिटं उभा होता आणि तो नोंदवता आला नाही.

त्यानंतर दोन दिवस उघाड पडली. हरिभाऊ सकाळी सायकल लावतानाच सांगत आले की महादेवने जोडी आज वावरात काढली.

"मग? काढेलच," मी म्हटलं.

"गजाननच्या वावरात काढली साहेब. सोताच्या नाई. पहाटेपासून एकटाच डवरून राह्यला. गजानन धुऱ्यावर उभा हाय, बोलून नाई राह्यला."

मी हरिभाऊंना विचारलं, याचा अर्थ काय धरायचा? महादेव बैल माझे म्हणतो तर भावाच्या वावरात कशाला, आणि भावाचे म्हणतो तर इतके दिवस अडवले कशाला? हरिभाऊ म्हणाले, मला काय माहीत, मी फक्त पाहिलं ते सांगितलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी महादेव ऑफिसात आला. कागद मागितला. मागचा जबाब चुकला, पाखऱ्या माझाच होता, असं लिहून सही केली. मी म्हटलं, बरं झालं, म्हणजे रक्कम तुम्हालाच परत. तो जिना उतरून गेला. तासाभराने गजानन आला. कागद मागितला. मागचा जबाब चुकला, पाखऱ्या माझाच होता. सही.

आता माझ्यापुढे चार कागद झाले. महिनाभर ज्या बैलाला एकही मालक नव्हता त्याला आता दोन होते. महादेवचा जुना जबाब गजाननच्या नव्याला जुळत होता आणि गजाननचा जुना महादेवच्या नव्याला. वाईट याचं वाटत होतं की मला त्यांचा हेतू कळत नव्हता. पाखऱ्या माझा, असं म्हणणारा माणूस दोष अंगावर घेत होता आणि त्याच वाक्यात एकोणीस हजारांवर हक्कही सांगत होता. वाक्य एकच. त्यातलं कोणतं खरं, हे हिशेबाच्या माणसाने कसं ओळखावं?

आमच्या मुख्याधिकारी मॅडम साताऱ्याकडच्या, नुकत्या आलेल्या. त्यांनी चारही कागद दोनदा वाचले आणि दोघांना समोर बसवायला सांगितलं. समोर बसल्यावर दोघंही टेबलाच्या काचेकडे बघत होते.

मॅडमनी विचारलं, "बैल नक्की कोणाचा होता?"

"माहा," महादेव म्हणाला.

"नाई मॅडम, माहा," गजानन म्हणाला. "बाबानं वाटलं तवाच मले समजलं होतं. दंडबी माहा, नुकसानबी माहं. पैसे मात्र दादाले द्या. त्यानं भरले हायेत."

महादेव त्याच्याकडे वळला. "तुले कोण इचारलं बे? मी लिहून देल्लं ना."

"म्याबी देल्लं."

"मोठा झाला का?"

"कायले चिडतं दादा, मॅडम बसल्या हायेत."

मॅडमनी मला इंग्रजीत विचारलं की रक्कम कोणाला द्यायची याबद्दल दोघांत मतभेद आहे का. मी विचार करून सांगितलं की मालकीबद्दल आहे, रकमेबद्दल नाही. मग त्या म्हणाल्या, मालकी आपण ठरवायची गरज काय? गजाननची ना-हरकत घ्या आणि प्रकरण संपवा. हे मला सुचायला हवं होतं. दोन्ही वाट्या पुढे मांडूनही सुचलं नव्हतं.

दोघं बाहेर पडले तेव्हा जिन्यात त्यांचं भांडण ऐकू येत होतं, उद्या जोडी कोणाच्या वावरात जाणार यावर. दोघंही दुसऱ्याच्या वावरात म्हणत होते की आपल्या, हे मला वरून नीट ऐकू आलं नाही. पाखऱ्या खरोखर कोणाचा होता हेही मला माहीत नाही. पोळ्याला तोरणाखाली जोडी उभी होती, एकाच झुलीच्या जोडात, आणि कासरे दोन वेगवेगळ्या हातांत होते. हरण्या कोणता आणि पाखऱ्या कोणता, हे मला गर्दीत ओळखता आलं नाही. हरिभाऊंना विचारणार होतो, पण राहिलं.

शेवटची देणी अशी. दंड आणि चारा मिळून एक हजार आठशे साठ रुपये नगरपंचायत फंडात जमा. उरलेले एकोणीस हजार एकशे चाळीस रुपये धनादेशाने महादेव ढगे यांना, गजानन ढगे यांच्या ना-हरकतीवर. धनादेश वटल्याच्या दिवशी सकाळी महादेवने लीलाबाईंना बरबटीचे चार हजार रुपये रोख दिले. संध्याकाळी गजाननने त्यांना बरबटीचेच चार हजार रुपये रोख दिले. हे मला लीलाबाईंनीच पुढच्या बाजारात सांगितलं. मी विचारलं, एकाच नुकसानीचे पैसे दोनदा कसे घेतले? त्या भेंडी मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोघायनंबी लिहून देल्लं ना, बैल माहा म्हणून? मंग मी कोणाले खोटं पाडू?"

एकूण आठ हजार रुपये, लीलाबाई राठोड यांना.